वयाचा दाखला

साहित्याच्या अभ्यासकाने कायद्याची भाषा वाचू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. आम्ही तो अलीकडे मोडला, आणि तोही व्हिस्कीच्या आयातीचे नियम वाचून. मद्याची आवड हे त्यामागचे कारण नव्हे. एखाद्या वस्तूचे नाव, कुळ आणि वय ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा आमच्या वर्गातला जुना प्रश्न तिथे रोकड्या स्वरूपात भेटला.

प्रथम नावाविषयी. युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार व्हिस्की धान्यापासूनच व्हावी लागते आणि 700 लिटरांहून मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात किमान 3 वर्षे मुरावी लागते. उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर बेतलेले पेय भारतात व्हिस्की म्हणून विकले जाते. युरोपच्या बाजारात त्याला ते नाव लावता येत नाही. ही व्याख्या खोटी नाही, पण निःपक्षही नाही. स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातला साधारण 2 टक्के ऐवज दरवर्षी उडून जातो. तिथले लोक त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपल्या उष्ण हवेत हा वाटा कितीतरी मोठा असतो आणि मुरण्याची क्रियाही वेगाने होते. 3 वर्षांची अट कागदावर सर्वांना सारखी असली तरी ती पाळण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, ती यामुळे.

आता कराविषयी. ब्रिटनमध्ये उत्पादन शुल्क शुद्ध मद्यार्काच्या लिटरमागे आकारतात. तीव्रता आणि माप सारखे असेल, तर 12 वर्षांच्या व 18 वर्षांच्या बाटलीवर शुल्क सारखेच. भारताचे आयात शुल्क मात्र मूल्याच्या टक्केवारीत असते आणि स्कॉचवर ते दीर्घकाळ 150 टक्के होते. म्हणजे 1,000 रुपये मूल्याच्या बाटलीवर 1,500 रुपये, तर 4,000 रुपयांच्या बाटलीवर 6,000. तिकडचा कर मद्यार्क मोजतो. इकडचा कर त्यात मुरलेला काळही मोजतो. 24 जुलै 2025 रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात हे शुल्क करार अमलात येताच 75 टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षी 40 टक्क्यांवर आणण्याचे ठरले. राज्यांचा कर याहून निराळा, कारण पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणले, ते याच अधिकारात.

परंतु आम्ही थबकलो ते वयाच्या नियमापाशी. स्कॉचच्या बाटलीवर वय छापायचे असेल, तर मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या मद्याचे वय छापावे लागते. 30 वर्षे मुरलेल्या मद्यात 12 वर्षांचे थोडेसे जरी मिसळले, तरी त्या बाटलीला 12 वर्षांचीच म्हणावे लागते. जुन्याच्या पुण्याईवर नव्याने मिरवू नये, हा त्यामागचा विचार.

आपण साहित्यातली माणसे नेमके उलट करतो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो देताना प्राचीनता हा एक निकष होता आणि मराठीच्या बाजूने ‘गाथासप्तशती’पर्यंतचे पुरावे मांडले गेले. त्या पुराव्यांचे मोल आम्हांला मान्य आहे. दर्जा मिळाल्याचा आनंदही आहे. तथापि भाषेचे वय आपण तिच्यातल्या सर्वांत जुन्या थेंबावरून सांगतो. सर्वांत नव्या थेंबाची चौकशी कोण करते?

ही तुलना फार ताणता येणार नाही, याची जाणीव आम्हांला आहे. पिंपातून बाहेर आल्यावर मद्याचे मुरणे थांबते; भाषा बाटलीत बंद होत नाही, आणि तिच्यातले नवे हे भेसळीसारखे तर मुळीच नसते. तरीही नियमाचा रोख आम्हांला उपयोगाचा वाटतो. आज मराठीत पहिले पुस्तक लिहिणारा कोणत्या ग्रंथालयात पोहोचतो, त्याच्यावर कोण लिहिते, मराठीचे वर्ग किती भरतात, ही चौकशी दर्जाच्या कागदाशेजारी ठेवायला हवी. अभिजातपणाचे लेबल आपण लावले आहे. त्याखाली धाकट्याचे वय लिहायची वेळ आली, तर आपल्या विभागांकडे त्याची नोंद तरी आहे का, एवढे आपण शिक्षकांनी आधी तपासावे.