मुक्कामाची जागा

औंढ्यास नागनाथाच्या दर्शनास निघालों, तेव्हां मुक्कामाचा वाद घरांत उपस्थित झाला. आमचें म्हणणें, सुमारें २५ किलोमीटरांवरील हिंगोलीस उतरावें. तेथें बाजार, आगगाडी, सर्व सोय आहे. मातोश्री म्हणाल्या, "देवळालगतच राहूं. पहांटे गर्दी कमी. जिना मला जमेल." अखेर आमचेंच चाललें. उन्हें चढल्यावर पोंचलों, तों तळघरांतील लिंगाकडे उतरणारा अरुंद जिना माणसांनीं दाटलेला. मातोश्रींनीं वरूनच हात जोडले. बोलल्या कांहीं नाहींत.

नरसीच्या नामदेवांसाठीं हें देऊळ फिरलें अशी आख्यायिका आहे. नंदी अजून मागल्या बाजूसच आहे. भक्तासाठीं देऊळ फिरलें. आईसाठीं आम्हांस एका रात्रीची गैरसोय सोसवली नाहीं!