जिनिव्हाला निघालेल्या भाचीस

हिंगोली

चि. ताईस,


संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या कार्यालयाचं तू पाठवलेलं पत्र वाचलं. इंटर्न म्हणून तुझी निवड झाली याचा आनंद मोठा आहे. पण सहा महिने पूर्णवेळ काम, वेतन शून्य. विमान, घर, विमा सगळं पदरचं. दाजी त्यासाठी यंदाची हळद मिळेल त्या भावात विकायला निघालेत, हे तुझ्या आईकडून कळलं. म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: या अटींवर तू जाऊ नयेस.

'अशा थोर संस्थेत पैशाची गोष्ट काढणं बरं दिसत नाही,' असं तू आईला म्हणालीस. तुला असं वाटावं याचं मला वाईट वाटलं. अगं, या संस्थांनी सुरुवातीलाच जे प्रश्न हाती घेतले, त्यांत पगाराचा प्रश्न होता. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ उभा राहिला. त्याचे पहिले सरचिटणीस एरिक ड्रमंड यांनी ठरवलं की इथला कर्मचारी कोणत्याही देशाचा प्रतिनिधी नसेल. मग त्याला पगार कुणाच्या मापानं द्यायचा? फ्रान्सच्या जॉर्ज नोबलमेअर यांच्या समितीनं उत्तर दिलं: सर्वांत चांगला पगार देणाऱ्या देशातला माणूसही नोकरीला यावा, इतका. तेव्हा माप ब्रिटिश नागरी सेवेचं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या काळात ते अमेरिकेच्या संघराज्य सेवेचं झालं. आजही व्यावसायिक श्रेणीचा निव्वळ पगार त्या सेवेपेक्षा 10 ते 20 टक्के वर राखायचा असा नियम आहे. कारकून, चालक, सहायक यांचा पगार मात्र त्या त्या शहरातल्या चांगल्या मालकांच्या दराने ठरतो.

हा पगार फार आहे, अशी ओरड नेहमी होते. मला ती पटत नाही. 1945 च्या सनदेचं शंभरावं कलम सांगतं की कर्मचाऱ्यानं कोणत्याही सरकारकडून आदेश घ्यायचा नाही. ज्याचं घर आपल्या सरकारच्या मेहरबानीवर चालतं, तो त्या सरकारला नाही कसा म्हणेल? पगार, निवृत्तिवेतन आणि दाद मागायची जागा, या तिन्ही गोष्टी भक्कम असल्या तरच ते कलम कागदाबाहेर येतं.

दाद मागायच्या जागेचं मी मुद्दाम म्हणतोय, कारण या संस्थांना न्यायालयीन मुक्तता असते. तिथला कर्मचारी आपल्याकडच्यासारखा कामगार न्यायालयात जाऊ शकत नाही. त्यांची स्वतःची न्यायाधिकरणं आहेत. 2017 मध्ये वेतन ठरवणाऱ्या 15 सदस्यांच्या आयोगानं, महागाईच्या पाहणीवरून, जिनिव्हातला पगार 5 टक्क्यांच्या आसपास कमी करायचं ठरवलं. कर्मचारी लढले. जुलै 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणानं निकाल दिला की आयोगाला तो अधिकारच नव्हता, आणि कपात रद्द केली. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या न्यायाधिकरणानं मात्र कपात उचलून धरली. एकाच शहरात, एकाच श्रेणीत, दोन इमारतींत दोन पगार! तरीही, भांडायला जागा होती म्हणून ते भांडू शकले.

इंटर्नला यातलं काहीच नाही. तो नियमानं कर्मचारीच नसतो. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय आपल्या इंटर्नना वेतन देत नाही. 2015 मध्ये न्यूझीलंडचा एक 22 वर्षांचा इंटर्न जिनिव्हात तंबूत राहतो, हे जगभर छापून आलं. परिस्थिती लोकांसमोर यावी हाही त्याचा हेतू होता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 पासून विद्यावेतन सुरू केलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही देते. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं.

मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. सनदेचंच 101 वं कलम म्हणतं की माणसं शक्य तितक्या जास्त प्रदेशांतून घ्यावीत. आणि उंबऱ्यावर अट काय, तर सहा महिने जिनिव्हाचा खर्च बापानं सोसावा. त्या अटीतून आपल्या वसमतची मुलगी येईल की झुरिकची? कनिष्ठ व्यावसायिक अधिकारी म्हणून जी मुलं आत जातात, त्यांचा पगार जर्मनी, जपानसारखी सरकारं भरतात, आणि जागाही बहुतेक आपल्याच मुलांना देतात. वरच्या पगाराबद्दल इतकी काळजी घेतलेली ही व्यवस्था दारातल्या पोरांबद्दल गप्प आहे, आणि हा अन्याय आहे.

गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आपल्या आशाताई आठव. 22 मे 2022 ला जिनिव्हातच आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. वाढ जाहीर झाली, पण शासन निर्णय निघेना. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप, मग आझाद मैदान. मार्चमध्ये 5,000 रुपये वाढीचा निर्णय निघाला. त्या आजही मानधनावरच आहेत. सत्कारानं घर चालत नाही हे त्यांनी मैदानात बसून सांगितलं. तू आरोग्याच्याच क्षेत्रात काम करणार आहेस, तर त्यांच्याकडून एवढं तरी घे.

आता करायचं काय? त्या कार्यालयाला सभ्य भाषेत लिही: विद्यावेतन, निदान राहण्याची सोय आणि विमा मिळेल का? नाही म्हणाले तर नकार कळव, आणि कारणही कळव. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत भारतातच काम मिळतं, दरमहा निर्वाहभत्ता आणि विमाही असतो. तिथे अर्ज कर. पुढे दिल्लीतल्या राष्ट्रीय अधिकारी पदांकडे लक्ष ठेव. सल्लागार म्हणून करार पुढे आला, तर सही करण्याआधी मला दाखव. त्यात रजा आणि निवृत्तिवेतन बहुधा नसतं.

हळद विकू नका, असं दाजींना मी रविवारी येऊन सांगतो. तू तोवर त्या पत्राचा मसुदा कर, आपण मिळून बघू.

तुझा,
मामा