लालपरीची पाटी

जळगावच्या गाड्यांवर एमएच १९ असतं, धुळ्याच्या गाड्यांवर एमएच १८. पण जळगावच्या बसस्थानकात फलाटाला लागलेल्या लालपऱ्यांच्या पाट्या वाचत गेलं, तर एमएच १४, एमएच २०, एमएच ४० असे आकडे दिसतात. एसटी स्वतः गाडी बांधते ती दापोडी, चिकलठाणा किंवा नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत, आणि नोंदणीही तिकडचीच असते. चोपडा, यावल, शिरपूर ही तिची पुढची आगारं. रोज तिच्यातून कॉलेजला जाणाऱ्या पोरांच्या हे सहसा लक्षात येत नाही. ज्याला ती बस मोबाइलमधल्या गेममध्ये उभी करायची असते, त्याच्या मात्र येतं.

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा गेम मालेओ या कंपनीने २०१७ मध्ये आणला. रस्ते इंडोनेशियातले, बसही तिकडच्याच. पण कंपनीने खेळणाऱ्यांना मोकळीक दिली: बसला आपल्या पसंतीचं रंगकाम करा, हवी तर स्वतः घडवलेली अख्खी गाडी आत आणा. बाहेरून घातलेल्या अशा भरीला मॉड म्हणतात. या वाटेने केरळच्या बस आल्या, तशी महाराष्ट्राची लालपरीही आली.

ती घडवणं म्हणजे आधी तिच्याकडे नीट बघणं. खिडक्या किती, त्यांच्या आडव्या दांड्या कुठे, मागची शिडी कोणत्या बाजूला, विभाग आणि आगाराचं नाव कुठे लिहिलेलं. मग संगणकावर बसचा सांगाडा उभा करायचा आणि तिची कातडी सोलून सपाट पसरावी तसं चित्र रंगवून त्यावर चढवायचं. इथेच नवखा अडखळतो. दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलं, तर एका बाजूची देवनागरी अक्षरं उलटी उमटतात. 'बहुजन हिताय' आरशात पाहिल्यासारखं दिसतं. बाजू वेगळ्या कराव्या लागतात, आणि आपल्या बसची डावी बाजू उजवीसारखी नसते हेही तेव्हाच कळतं. प्रवाशांचं दार एकाच बाजूला!

दुसरा धडा सोडून देण्याचा. प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक बाक घडवत बसलं, तर साध्या मोबाइलवर गेम अडकतो. खेळणाऱ्या बहुतेकांच्या हातात तोच मोबाइल असतो. म्हणून रिव्हेट घडवायचे नाहीत, रंगवायचे. काय ठेवलं म्हणजे गाडी लालपरी वाटेल आणि काय गाळलं तरी चालेल, याचा निवाडा करता करता कारागीर तयार होतो.

आधीच्या पिढीने हे क्रिकेटमध्ये केलं. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' २००६ च्या अखेरीस आला, आणि कंपनीने त्यानंतर तसा पुढचा गेम काढलाच नाही. भारतीय संघाचे हक्क नसल्याने आपल्या खेळाडूंची नावं त्यात बदललेली होती. आयपीएल तर २००८ मध्ये सुरू झाली. चाहत्यांनी नावं दुरुस्त केली, जर्सी रंगवल्या, चेहरे बसवले, आयपीएलचे संघ आत आणले. लिलाव झाला की याद्या पुन्हा नव्या. कंपनीने सोडून दिलेला गेम गावोगावच्या संगणकांवर वर्षानुवर्षं चालू राहिला तो या बिनपगारी देखभालीवर. मॉड एकदा करून संपत नाही. गेमची नवी आवृत्ती येते, जुनं मोडतं, लोक विचारत राहतात, आणि करणारा पुन्हा बसतो.

दुसऱ्याची गोष्ट बदलून आपली करण्याची ही रीत या मातीला नवी नाही. धुळ्याशेजारच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा १९७५ च्या 'शोले'तल्या डाकूंचे घोडे जाऊन सायकली आल्या. घोडे परवडणारे नव्हते. पण सायकलमुळे तो सिनेमा मालेगावचा झाला.

कष्टाची चोरीही या जगात होते. दुसऱ्याची बस उचलून स्वतःच्या नावाने वाटणारे भेटतात. म्हणून जाणते मॉडकार सांगाडा कुणाचा, रंग कुणाचा, आवाज कुणाचा, हे गाडीबरोबरच लिहितात. ही नोंद कायद्याच्या धाकाने होत नाही. पुढच्याने काम मनापासून द्यावं म्हणून मागच्याचं नाव घेतलं जातं.

गाडीनंतर हौस वळते रस्त्याकडे. धुळे ते जळगाव सुमारे ९० किलोमीटर. हा रस्ता गेममध्ये आणायचा, तर पारोळ्याचा भुईकोट हवा, एरंडोल हवं, पाळधी ओलांडल्यावर विद्यापीठाची टेकडी हवी, बांभोरीजवळचा गिरणेचा पूल हवा आणि वाटेत केळीने भरलेले ट्रक. पुलाचे खांब किती, वळण किती अंशांचं, फाट्यावरची पाटी कोणत्या हाताला, हे सगळं मोजून घ्यावं लागेल. ते मोजायला ज्याला जायचंय, त्याच्यासाठी धुळ्याहून जळगावची एसटी आहेच.