धारेवरचे पांढरे रस्ते

ग्रॅव्हल सायकलींच्या जाहिरातीत इटलीतला तोस्काना प्रांत बहुधा एकाच चित्रातून भेटतो: सरूंची रांग, टेकडीवरून वळत गेलेला पांढरा रस्ता आणि त्यावर एकटा सायकलस्वार. चित्र खोटं नाही. मात्र त्याच्या तळाशी एक समज असतो, की हा रस्ता म्हणजे डांबर अजून पोचलं नाही असा, जुन्या काळातून चुकून उरलेला रस्ता. लांब पल्ल्याचे सायकलमार्ग आखणं हा माझा व्यवसाय आहे आणि मला हा समज पटत नाही. सिएना शहराभोवतीचे ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, शेतीच्या एका विशिष्ट व्यवस्थेनं आखले. त्यांचे चढ, त्यांची वळणं, एका रस्त्यातून दुसऱ्यात अलगद शिरण्याची त्यांची सोय, हे सगळं त्या व्यवस्थेचं देणं आहे. तेव्हा तिथला मार्ग नकाशावरच्या उंचीच्या रेषा पाहून आखायला बसणारा अर्धंच काम करतो. शेताचा हिशेब आधी कळावा लागतो.

सुरुवात मातीपासून करू. सिएनाच्या आग्नेयेकडचा क्रेते सेनेसी हा भाग म्हणजे काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. करड्या चिकणमातीच्या या टेकड्या उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसात अंगावरचा थर सोडून घसरतात. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी घातलेल्याला यातली अडचण वेगळी सांगायला नको. उतारावर रस्ता काढला तर तो मातीबरोबर खाली येतो, तळाशी काढला तर चिखलात रुततो. म्हणून घरं आणि रस्ते टेकड्यांच्या धारेवर गेले. धार सरळ नसते. ती उठते, खचते, पुन्हा उठते. स्त्रादे बियांके या व्यावसायिक शर्यतीत एकही मोठा घाट नाही, तरी २०२३पर्यंतच्या १८४ किलोमीटरच्या तिच्या मार्गावर एकूण चढाई तीन हजार मीटरच्या वर जात असे, याचं कारण हेच. आशियानोजवळचा मोंते सांते मारिये हा साडेअकरा किलोमीटरचा कच्चा टप्पा शर्यतीचा निकाल लावतो असं म्हणतात. तिथं स्वारांना दमवते ती उंची नव्हे, श्वास बसू न देणारी ही धार.

पण माती फक्त रस्ता कुठून जाईल ते ठरवते. तो मुळात का असावा ते शेती ठरवते. तोस्कानात कित्येक शतकं निम्म्या वाट्याची शेती होती. तिला ‘मेत्साद्रिया’ म्हणत. जमीन आणि घर मालकाचं, राबणं कुटुंबाचं, पीक अर्धं-अर्धं. यात आपल्यापेक्षा वेगळी एक गोष्ट होती: वाटेकरी गावात राहत नसे, शेतातच राहत असे. प्रत्येक ‘पोदेरे’वर, म्हणजे एका कुटुंबाला पुरेल एवढ्या शेतावर, दगडी घर, गोठा, विहीर. महाराष्ट्रात पाणंद गावातून निघते आणि बहुतेकदा शेवटच्या बांधाशी संपते. तोस्कानात रस्ता एका घरातून दुसऱ्या घराकडे, तिथून मालकाच्या वाड्याकडे, चक्कीकडे, चर्चकडे जातो आणि त्यामुळे रस्त्यांचं जाळं होतं. मार्ग आखणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही, कारण आल्या वाटेनं परत न येता हवं तेवढं लांब वर्तुळ काढता येतं. उलट उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्ससचं. आजचं ग्रॅव्हल सायकलिंग मोठं झालं ते मुख्यतः तिथल्या खडीच्या रस्त्यांवर. ते रस्ते एकेका मैलाच्या चौकोनात, सरळ रेषेत आहेत, कारण तिथली जमीन १७८५च्या कायद्यानं ठरलेल्या चौकटीत मोजून वाटली गेली. सायकल तीच, खडीही जवळपास तीच. पण जमीन वाटण्याची रीत बदलली की सायकलस्वाराचा अख्खा दिवस बदलतो.

ही व्यवस्था १९५० आणि ६०च्या दशकांत कोसळली. तरुण कारखान्यांकडे गेले आणि घरं रिकामी पडली. नवे वाटेकरी करार करण्यावर १९६४च्या कायद्यानं बंदी आणली, आणि उरलेले करार खंडात बदलण्याची सोय १९८२मध्ये झाली. (आपल्याकडच्या कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन मिळण्याची वाट तरी उघडली, तिथं कायदा येईपर्यंत बरेच कसणारे निघून गेले होते.) क्रेतेतल्या ओस पडलेल्या शेतांवर सार्डिनियाचे मेंढपाळ येऊन वसले, पिएंझाच्या प्रसिद्ध चीजमागे त्यांचा मोठा हात आहे. रस्त्यांपुरतं बोलायचं तर ज्या घरात कुणी राहत नाही, तिथवर डांबर कोण नेणार? पुढं समृद्धी आली, घरं पुन्हा उघडली आणि डांबराची मागणीही आली. नेमक्या त्या वेळी, १९९७मध्ये, जानकार्लो ब्रोक्की यांनी कियांतीतल्या गायोले या गावी ‘लेरोइका’ हा जुन्या सायकलींचा मेळा सुरू केला. सायकल १९८७ किंवा त्याआधीची हवी असा तिथला दंडक. हेतू केवळ हौसेचा नव्हता. पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, हा त्यामागचा उघड आग्रह होता. २००७मध्ये त्याच रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत आली, आणि कच्चा रस्ता ही अख्ख्या प्रांताची ओळख झाली.

इथं एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शहरी पाहुण्याच्या हौसेसाठी शेतकऱ्यानं धूळ खायची आणि चिखल तुडवायचा का? अर्थात, नाही. पण कच्चा रस्ता म्हणजे टाकून दिलेला रस्ता, ही समजूत या आक्षेपात गृहीत धरलेली आहे. खडीच्या रस्त्याचा शत्रू पाणी. मधोमध थोडा उंचवटा, दोन्ही बाजूंना साफ चर, वेळच्या वेळी उघडलेल्या मोऱ्या, आणि वर्षातून ग्रेडर फिरवून परत बसवलेला थर, एवढं झालं तर दिवसाला थोडीच वाहनं जाणारा रस्ता उत्तम टिकतो. ते झालं नाही तर डांबरही फार दिवस पुरत नाही, हे मराठी वाचकाला पुराव्यानिशी ठाऊक आहे. रस्त्यावर पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात, त्या वेगानं जाणाऱ्या मोटारींच्या चाकांमुळे. सायकलचं वजन आणि वेग त्याला पुरत नाही. म्हणून माझ्या मते या रस्त्यांना धोका सायकलींच्या गर्दीचा कमी, आणि सुट्टीच्या बंगल्यांकडे धावणाऱ्या मोटारींचा जास्त. धूळ त्याच उडवतात, आणि मग धुळीला कंटाळून डांबर मागितलं जातं. ज्या रस्त्यावर रोज शाळेची बस जाते किंवा वस्ती दाट आहे, तिथं डांबर पडलं तर मी तक्रार करणार नाही. मार्ग दुसरीकडून वळवीन.

दुसरे म्हणतील, शेतीचा रस्ता आता उरलाय कुठे, ते तर पर्यटकांसाठी मांडलेलं नेपथ्य. यात तथ्य आहे, पण नेपथ्य तिथं आजचं नाही. सिएनाच्या पालात्सो पुब्लिको या नगरभवनात आंब्रोजो लोरेंझेत्तीनं १३३८-३९मध्ये भिंतीवर सुराज्याचं चित्र रंगवलं. त्यात वेशीबाहेर टेकड्या, नांगरणी, मळणी आणि लादलेली जनावरं घेऊन शहराकडे येणारे लोक दिसतात. स्त्रादे बियांके शर्यत त्याच इमारतीसमोरच्या चौकात संपते. सिएनाच्या सत्तेनं चौदाव्या-पंधराव्या शतकांत व्हाल दोर्चा हे खोरं एका आदर्शाप्रमाणे घडवलं, आणि २००४मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली ती याच कारणानं. पोस्टकार्डांवर झळकणारा ला फोचेजवळचा सरूंचा नागमोडी रस्ता तर अवघ्या विसाव्या शतकातला आहे, आयरिस आणि आंतोनियो ओरिगो या दांपत्यानं १९२४मध्ये ती पडीक जहागीर घेतल्यानंतरचा. देखावा आणि पीक ही दोन्ही तिथं पूर्वीपासून एकाच जमिनीतून काढली जात आली. फरक पडला असेल तर एवढाच, की सायकलस्वार आता त्या मिळकतीतला एक लहानसा वाटेकरी आहे, आणि वाटेकऱ्याला हक्काबरोबर बंधनंही असतात.

ही बंधनं मार्गाच्या आखणीत उतरायला हवीत. टायर चाळीस मिलिमीटरचा की पंचेचाळीसचा, यावर आमच्या मंडळींत तासन्तास खल होतो. शेतीच्या वेळापत्रकाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. क्रेतेत गव्हाची कापणी जून-जुलैत येते. तेव्हा अरुंद धारेवरून कापणीयंत्र आलं तर वाट सायकलनं सोडायची. कियांतीत द्राक्षतोडणी सप्टेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, आणि लेरोइका भरतो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. तेव्हा कामाच्या दिवसांतले मळ्यांमधले बोळ टाळून मार्ग डोंगरातल्या जंगलवाटांकडे सरकवणं शहाणपणाचं. आणि जोराचा पाऊस झाला, की चिकणमातीचे टप्पे गाळून डांबरी पर्यायानं जाता येईल, अशी सोय प्रत्येक मार्गात आधीच असायला हवी. ओल्या थरात चाकानं पाडलेली चाकोरी पुढच्या उन्हात तशीच कडक होते आणि पुढच्या पावसाला वाट करून देते. ती बुजवायला सायकलस्वार थांबत नाही.