आधी उजेड बसवा

७ जुलै
पाऊस लागला की तापाचे रुग्ण वाढतात आणि आमच्या लॅबमध्ये मलेरियाच्या स्लाइड साचतात. आज नव्या प्रशिक्षणार्थींना मायक्रोस्कोपवर बसवलं. उजेड डोळ्यांवर आला की प्रत्येकाचा हात कंडेन्सर (उजेड नमुन्यावर गोळा करणारं खालचं भिंग) खाली घ्यायला तरी जातो, नाहीतर त्याचा डायफ्रॅम, म्हणजे पात्यांची लहानमोठी होणारी झडप, मिटायला. उजेड कमी करायचा तर दिव्याचा नॉब फिरवायचा. डायफ्रॅमचं काम वेगळं आहे, हे उद्या करूनच दाखवायला हवं.

८ जुलै
१०एक्सखाली स्लाइड फोकस केली आणि बुडाशी दिव्यावर असलेला फील्ड डायफ्रॅम मिटवला. काळोखात कडेला सरकलेला एक धूसर ठिपका उरला. कंडेन्सर सावकाश वर नेला तशी त्याची कड आवळत गेली आणि डायफ्रॅमच्या पात्यांचा बहुकोन रेखीव उमटला. कडेवरची झाक तांबडीची निळी होते, तिथेच थांबायचं. मग कंडेन्सरच्या दोन स्क्रूंनी तो मधोमध आणला आणि कड जेमतेम नजरेआड जाईल इतकाच डायफ्रॅम उघडला.

आता आयपीस काढून नळीत पाहायचं. तळाशी उजेडाची चकती दिसते. कंडेन्सरचा डायफ्रॅम मिटत आणून चकतीचा साधारण तीन चतुर्थांश व्यास उजळ ठेवायचा.

"मॅडम, एवढंच?"

एवढंच. तरी बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

९ जुलै
ही रीत ऑगस्ट कोहलर यांची, १८९३ सालची. जर्मनीतल्या गीसेनला ते मायक्रोस्कोपमधून फोटो काढत. तेव्हा ज्योतीची प्रतिमा थेट नमुन्यावरच पाडायची पद्धत होती. ज्योत जिथे मंद, तिथे फोटोही काळवंडलेला. कोहलर यांनी ती प्रतिमा कंडेन्सरच्या डायफ्रॅमवर नेली. ज्योतीचा प्रत्येक बिंदू सगळ्या नमुन्याला सारखा उजळू लागला. दिवा ओबडधोबड असला तरी उजेड एकसारखा! पुढे १९०० मध्ये ते येनाला झाइस कंपनीत गेले.

११ जुलै
एकच पातळ स्मिअर, व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीचा, गिम्साने रंगवलेला; वर ऑइल, १००एक्स. आधी कंडेन्सरचा डायफ्रॅम पार मिटवून दाखवला. चित्र ठसठशीत दिसतं, म्हणून मुलं खूश. पण प्रत्येक तांबड्या पेशीभोवती चमकती कडी उठली होती, आणि रंगाचे सुटे कण काळेभोर होऊन परजीवीसारखे भासत होते. मग उजेड नीट बसवला. कड्या विरल्या. फुगलेल्या पेशीत शुफनरचे गुलाबी बारीक ठिपके, व्हायवॅक्स ओळखायची खूण, वेगवेगळे दिसू लागले. एक मुलगी बराच वेळ डोळा काढेना.

बारकावा दिसायला उजेड सगळ्या कोनांतून यावा लागतो. डायफ्रॅम मिटला की तिरपे किरण अडतात, उठाव वाढतो आणि तपशील हरवतो. मलेरियात व्हायवॅक्स की फाल्सिपॅरम यावर औषध ठरतं. तिथे नुसता उठाव काय कामाचा?

१४ जुलै
ऑब्जेक्टिव्ह बदलला की दोन्ही डायफ्रॅम पुन्हा लावायचे, हे मुलांच्या हाताला आता वळण लागतंय. पण शिकवण्यासाठी घेतलेल्या कितीतरी स्वस्त मायक्रोस्कोपना फील्ड डायफ्रॅमच नसतो, कंडेन्सर मधोमध आणायचे स्क्रूही नसतात. तिथे निदान कंडेन्सर वर ठेवावा आणि नळीत डोकावून त्याचा डायफ्रॅम लावावा. कॉलेजसाठी, लॅबसाठी खरेदी करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: किती पट मोठं दिसतं हे विचारण्याआधी या दोन गोष्टी आहेत का, ते विचारा.