माडीवरची फट

आमच्या निर्मलच्या घराची माडी सागवानी फळ्यांची, आजोबांनी घातलेली. वैशाखात फळ्या आकसतात आणि सांध्यांतून खालच्या स्वयंपाकघरातला उजेड वर दिसतो. त्यातली एक फट मात्र अंगठा जाईल एवढी. दोन वर्षांपूर्वी आईची काठी तिच्यात अडकली. आई कशीबशी सावरली. धाकट्या भावाने लगेच फर्मावले, "फळ्या काढा, फरशी घाला."

मी मराठीचा प्राध्यापक; अंगात नको ते शहाणपण! आमच्या गावची लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत, 2009 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांचे सांधे कारागीर चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांनी बुजवतात. मग माडीला काय हरकत? भर मे महिन्यात सगळ्या फटी लिंपून टाकल्या. आई बिदरची. "हुणसे बीज आमटीत पडतील हं," एवढेच म्हणाली.

आषाढात तसेच झाले. फळ्या फुगल्या, खळ दाबून वर आली, एक फळी तर खिळ्यासकट उचलली गेली. उरलेले लिंपण दिवाळीपर्यंत चुरा होऊन खाली गळत राहिले.

शेवटी सुतारमामांना बोलावले. ते हसले. "सर, खेळण्याचं पोणिकी लाकूड हलकं, वरून रंगानं बंद केलेलं. तुमची फळी उघडी. पावसात रुंदीला वाढणार, उन्हात आकसणार. लांबीला जवळजवळ काही होत नाही."

त्यांनी घाई केली नाही. श्रावणापर्यंत थांबायला लावले. तेव्हा ज्या फटी आपोआप मिटल्या, त्यांना हातही लावला नाही. मोठी फट मिटली नव्हती. तिच्यात जुन्याच सागवानाची पट्टी रंधून बसवली आणि गोंद एकाच बाजूला लावला. दोन्हीकडे चिकटवली असती तर आकसताना फळीच तडकली असती, हे मला कुठे ठाऊक! नवी फळी घालायची झाल्यास आधी काही आठवडे त्याच खोलीत ठेवावी, हेही त्यांनी बजावले.

आता माडीवर बादलीने पाणी ओतणे बंद, पिळलेल्या फडक्यानेच पुसतो. कूलर खिडकीबाहेर गेला. फरशीचा विषय भावाने अजून सोडलेला नाही. उन्हाळ्यात बारीक फटी उघडतात, तशा उघडू देतो. परवाच त्यांतून आईने खाली हाक मारली, "अरे, चहा झाला का?"