नवें बळ, जुना सांगाडा

जुन्या मोटारींत मोठें इंजिन बसविलेलें पाहिलें, कीं आम्हांस हर्ष होतो आणि काळजीही वाटते. इंग्लंडांतील ‘सनबीम अल्पाइन’ या चिमुकल्या गाडीचें इंजिन १.६ लिटरचें, १९६४ सालीं तिच्याच सांगाड्यांत फोर्डचें ४.२ लिटरचें इंजिन घालून ‘टायगर’ निघाली. जागा एवढी अपुरी, कीं एक स्पार्क प्लग बदलण्यास गाडीच्या आंतून हात घालावा लागे! स्टिअरिंगची रचनाही बदलावी लागली. कारखान्याची ही कथा, तर हौशी मालकानें प्रथम ब्रेक, स्प्रिंगा व रेडिएटर यांकडे पाहावें. वेग वाढविणें सोपें, आवरणें कठीण. आणि काढलेलें मूळ इंजिन भंगारांत घालूं नये, अशी आमची विनंति आहे. तें जपलें, तरच पुढच्या पिढीस गाडी पूर्ववत् करतां येईल.